जोर पहिल्या अक्षरावर

"शहरातलं म्हणू की घरचं?" मायक्रोफोनपासून तोंड जरा मागे घेत गुद्रूनबाईंनी विचारलं.

श्रीनिवास खांबेटे टेपवर चिठ्ठी चिकटवत होता. मान वर न करताच त्याने सांगितलं, "घरचं. तुमच्या आईच्या तोंडी होतं तसं."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हलकीशी थाप मारून पहिला शब्द म्हटला. थाप आणि पहिलं अक्षर बरोबर एकदम पडलं. नॉर्वेतल्या आंधळ्या माणसांनी यापुढे कुणाच्या तोंडून बातम्या ऐकायच्या, हे १९८९ सालच्या एका मंगळवारी इंग्लंडातल्या मेडनहेडच्या इंडस्ट्रियल इस्टेटवर, एका कंपनीच्या स्टेशनरीच्या खोलीत असं ठरलं. ठरवणारा गुहागरचा होता.

कंपनी लहान होती. टाइप केलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र ती बनवत होती. इंग्रजी यंत्र बोलू लागलं होतं, निदान कंपनीचं तसं म्हणणं होतं. मग नॉर्वेतल्या अंधांच्या एका संस्थेने आमच्या भाषेत कराल का असं विचारलं, आणि मॅनेजर कॉलिन फ्रेझरने ती भाषा कशी असते हे पाहायच्या आधी हो म्हणून टाकलं. मागाहून कळलं की त्या भाषेला शब्दाला शब्द चिकटवायची खोड आहे. आजारी आणि घर चिकटवलं की स्यूकेहूस, म्हणजे इस्पितळ. मुलं आणि बाग चिकटवली की बार्नेहागे, म्हणजे बालवाडी. असे शब्द हवे तेवढे करता येतात आणि लोक ते करत असतात. जोड नेमका कुठे आहे हे यंत्राला सांगितलं नाही तर ते शब्दाच्या मधेच भलत्या ठिकाणी अडखळतं. शिवाय जोडलेल्या शब्दात सगळा जोर पहिल्या भागावर असतो. दुसरा भाग मान खाली घालून मागून चालतो.

जोडशब्द सोडवता येणारा माणूस पाहिजे अशी जाहिरात कॉलिनने दिली. श्रीनिवासाने पुण्याला संस्कृतात एम.ए. केलं होतं आणि उमेदीची वर्षं समास सोडवण्यात घालवली होती. या विद्येचा इंग्लंडात कुणाला उपयोग होईल असा आरोप त्याच्यावर त्याच्या सासऱ्यांनीही कधी केला नव्हता. तो इंग्लंडात आला होता तो बायकोमागून. अलका वॉटफर्डच्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. लग्नपत्रिकेत त्याचं नाव आधी छापलं होतं. वॉटफर्डला आल्यावर पाकिटांवर 'डॉक्टर अँड मिस्टर खांबेटे' येऊ लागलं. घरात जोर कुणावर आहे हे पोस्टमनलाही ठाऊक होतं. तरी अलका त्याला 'अहो'च म्हणायची, आणि त्या 'अहो'ने त्याला जास्तच अवघडायला व्हायचं. मेडनहेडची नोकरी ही त्याची या देशातली पहिली धड नोकरी. नॉर्वेजियन त्याने कंपनीने दिलेल्या कोशावरून शिकायला घेतली. लेकीच्या शाळेत आता कुणी विचारलं तर त्याला सांगण्यासारखं काहीतरी होतं. ते काय आहे हे समजावताना मात्र पार्किंगची वेळ संपायची.

गुद्रूनबाई त्याला लंडनच्या कडेला, पिनरमध्ये सापडल्या. मिसेस पेरी म्हणून त्या गल्लीला माहीत होत्या. ओस्लोच्या उत्तरेला एका मोठ्या तळ्याकाठी शेत, त्या शेतावरची ही मुलगी. लढाई संपल्यावर नॉर्वेत गेलेल्या ब्रिटिश पलटणीतल्या एका पेरीशी तिने लग्न केलं आणि ती त्याच्यामागून इथे आली. पेरी वारले होते. मुलगा कॅनडात होता आणि त्याला आईच्या भाषेतलं फक्त झोपताना म्हणायचं एक वाक्य येत होतं. बाई बरीच वर्षं मांजराशी नॉर्वेजियन बोलत. मांजर गेल्यावर तेही थांबलं.

मला नुसतं गुद्रून म्हण, आमच्याकडे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. सत्तरीच्या बाईचं नुसतं नाव श्रीनिवासाच्या तोंडून काही निघेना. तोंडाने मिसेस पेरी आणि मनात गुद्रूनबाई, अशी त्याने सोय लावून घेतली.

दर मंगळवारी तो वॉटफर्डहून निघून पिनरला वळे आणि त्यांना गाडीत घेऊन मेडनहेडला येई. रस्ताभर बाई बोलत. आधी इंग्रजीत, मग एक वाक्य इकडचं एक तिकडचं, आणि उन्हाळ्यापर्यंत सगळं नॉर्वेजियनमध्ये. गाईंची नावं, तळं गोठल्यावर त्यावरून घोडागाडी नेणारा काका, कुणाचं कुणाशी जमलं आणि का मोडलं. श्रीनिवासाला निम्मं कळे. हेल मात्र ओळखीचा वाटे. वाक्य वर चढून शेवटी जरा लोंबकळायचं, थेट त्याच्या आत्याच्या वाक्यासारखं.

खोलीतलं काम साधं होतं. प्रत्येक तुकडा दोनदा म्हणायचा, एकदा पुढे बसणारा आणि एकदा मागे बसणारा. यंत्र मग हवे ते तुकडे जोडून घेणार. यातला फरक बाईंनीच त्याला सांगितला: पुढचा म्हणताना दारात पाहुणा आलाय असं समजायचं, मागचा म्हणताना पाहुणा गेलाय. शेजारच्या पँट्रीतला फ्रिज गुणगुणायचा, म्हणून रेकॉर्डिंगपुरता तो बंद करत आणि पुन्हा चालू करायचं हमखास राहून जाई. दर मंगळवारी दूध नासे. नॉर्वेजियन भाषेबद्दल कंपनीत जे काही मत होतं ते मुख्यतः त्या दुधावरून बनलेलं होतं.

काही शब्दांच्या बाबतीत कोश वेगळं सांगत होता. केळं म्हणजे बनान, पोलीस म्हणजे पुलिती, वर्तमानपत्र म्हणजे अवीस. असे बाहेरून आलेले शब्द कोशात शेवटच्या अक्षरावर जोर घेऊन उभे होते. बाई तिथेही जोर पहिल्याच अक्षरावर देत, आपल्या गोठ्यातल्या गाईला हाक मारावी तसा. श्रीनिवासाच्या ते लक्षात आलं होतं. त्याने निकाल बाईंच्या बाजूने दिला. कोश आणि वडीलधारं माणूस यांत मतभेद झाला तर कोश मिटून ठेवायचा, असं त्याच्या हाडात होतं. माणूस जितकं जुनं तितकी भाषा शुद्ध, हे त्याने पुण्याच्या शास्त्रीबुवांवरून ठरवलेलं. नॉर्वेतले शास्त्रीबुवा शेतावर राहत नाहीत, हे त्याला सांगणार कोण?

ते सांगायला सप्टेंबरात ओस्लोहून संस्थेची दोघं आली. टाय लावलेला एक गृहस्थ आणि सुंदर स्वेटर घातलेली एक तरुण बाई. कॉलिनने यंत्र चालू केलं. यंत्राने एक बातमी वाचली: पोलीस चौकीसमोर केळ्याच्या सालीवरून कुणीतरी घसरलं होतं. तरुण बाईने हात तोंडावर नेला. गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले, त्यांचे खांदे हलत होते. मग दोघांनी फार चार्मिंग आहे असं सांगितलं.

कॉलिनला ती स्तुती वाटली. श्रीनिवास या देशात पुरेसा राहिला होता. चार्मिंग म्हणाले म्हणजे संपलं.

जेवणानंतर गृहस्थांनी सभ्यपणे खुलासा केला. चूक काही नाही. पण हे म्हणजे गवळणीने रेडिओवर बातम्या द्याव्यात तसं झालंय. आमची आजी असंच बोलायची, असं स्वेटरवाली म्हणाली आणि तिचे डोळे खरोखर पाणावले. आजीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. नवा आवाज घ्या, शहरातला, नाहीतर आम्ही हे काम स्वीडनमधल्या कंपनीला देऊ, असं सांगून दोघं विमानाला गेली.

श्रीनिवासाने त्याच दिवशी कॉलिनला गाठलं. "अर्धं नॉर्वे असंच बोलतं."

"ते अर्धं विकत घेत नाहीये," कॉलिन म्हणाला. त्याने चिप्सचं पाकीट पुढे केलं आणि सांगितलं की म्हातारीला तूच सांग, वडीलधाऱ्यांशी कसं बोलायचं हे तुम्हा लोकांना चांगलं जमतं. ओस्लोची कुणीतरी विद्यार्थिनी लंडनात मिळेल, पुढच्या आठवड्यापासून तिला बसवू.

रविवारी नेहमीप्रमाणे गुहागरला फोन लावायचा होता. शेजारच्या वाण्याकडे फोन होता. आईला बोलावून आणेपर्यंत पैसे पडत राहत. श्रीनिवास आईशी बोलला, तिकडच्या पावसाची चौकशी केली, यंदाचं भात कसं आहे ते ऐकलं आणि फोन ठेवला.

मधू, त्याची वॉटफर्डला जन्मलेली लेक, जिन्यात बसून ऐकत होती. "आई, बाबा फोनवर दुसरी माणूस होतात," ती म्हणाली.

"दुसरा माणूस," श्रीनिवास म्हणाला.

"पण ती बरोबर सांगतेय," अलका म्हणाली. ती पुण्याची, सदाशिव पेठेतली. "आईंशी बोलताना तुम्ही लगेच नाकात बोलायला लागता. फोन ठेवला की परत पुण्याचे."

"काहीतरीच."

"अहो, आय डोन्ट माइंड. उलट मला ते जास्त आवडतं. माझ्याशी कधी बोलला नाहीत तसं."

श्रीनिवासाने वर्तमानपत्र उघडलं. पुण्यात शिकायला आला त्या वर्षी खानावळीत त्याने 'थोडं ताक वाढा' म्हटलं की समोरची पोरं ते त्याच्याच हेलात पुन्हा म्हणत, अगदी प्रेमाने. दिवाळीपर्यंत त्याने ताक मागणं सोडलं. पुढच्या दिवाळीपर्यंत त्याचं बोलणं असं स्वच्छ झालं की तो कुठला हे मुद्दाम सांगावं लागे, आणि तो सांगत नसे. हे त्याने अलकालाही कधी सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही.

मंगळवारी तो पिनरला गेला, पण हॉर्न न वाजवता गाडीतून उतरला आणि त्याने दारावर टकटक केली. त्यावरूनच बाईंना काय ते कळलं असावं. कोट अंगात चढवलेला होता, तो त्यांनी काढून खुंटीला लावला आणि स्वयंपाकघरात कॉफी ठेवली. श्रीनिवास हवेबद्दल बोलला. मोटरवेवरच्या कामाबद्दल बोलला.

"हसले का?" कॉफी ओतताना बाईंनी विचारलं.

"नाही, नाही. चार्मिंग म्हणाले."

"म्हणजे हसले."

मग त्यांनी जे सांगितलं ते हवेबद्दल बोलावं तसंच सांगितलं. सतराव्या वर्षी त्या ओस्लोला एका दंतवैद्याच्या घरी कामाला राहिल्या. तिथल्या मालकीणबाई वाईट नव्हत्या. जुने बूट देत, रविवारी सुटी देत. जेवायला पाहुणे आले की शेवटी फळांची थाळी घेऊन हिला बोलावत आणि काय काय आहे ते सांगायला लावत. ही दारात उभी राहून सांगे. केळं म्हटलं की पाहुणे टाळ्या वाजवत. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, टाळ्याच होत्या. मग ही रात्रीची भांडी घासताना मालकीणबाईंसारखं म्हणून बघायला लागली. हिवाळाभर म्हणत राहिली. ईस्टरला थाळी घेऊन गेली आणि सगळी फळं अगदी शहरासारखी म्हणून दाखवली. त्यानंतर तिला बाहेर बोलावणं बंद झालं.

"म्हणजे तुम्हाला येतं," श्रीनिवास म्हणाला.

"येतं की. पन्नास वर्षांनीसुद्धा येईल. भांडी घासायला कुणी विसरतं का?"

"मग पहिल्या दिवशी..."

"मी तुला विचारलं होतं." बाईंनी साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "तू घरचं म्हणालास. मला वाटलं, यांना आता तेच हवंय. वाटलं, दिवस बदलले."

आता श्रीनिवासाने म्हणायला हवं होतं की राहू द्या, तुम्ही दिलंत तेच खरं आहे, मी कॉलिनशी भांडतो. ते वाक्य त्याच्या मनात कर्ता, कर्म, क्रियापदासकट तयार होतं. ते तयार असताना त्याला आपलं मेडनहेडचं टेबलही दिसत होतं, त्यावरची आपल्या नावाची पाटी, आणि शाळेच्या फाटकात उभे असलेले बाकीचे आईबाप.

"म्हणाल का?" त्याने विचारलं. "शहरातलं?"

बाईंनी आपला कप विसळून ठेवला. मग खुंटीवरचा कोट काढून त्यांनी परत अंगात घातला.

त्या दिवशी त्यांनी खुर्ची नको म्हटलं. मायक्रोफोन वर घ्यायला लावला आणि उभं राहून, दोन्ही हात पोटाशी धरून एकेक शब्द म्हटला. गुडघ्यावर थाप मारायचा प्रश्नच नव्हता. बनान. पुलिती. अवीस. जोर कोशात होता त्याच अक्षरावर, तसूभरही इकडे तिकडे नाही. आवाज तोच होता, पण वरच्या पट्टीत आणि जरा घाईत, जसं काही थाळी जड आहे आणि परत आत जायचंय. श्रीनिवासाने टेप थांबवून पाणी हवं का विचारलं. नको, म्हणाल्या. घरच्या मूळच्या शब्दांना हात लावायची गरज नव्हती. इस्पितळ, बालवाडी, दूध, दार, विहीर हे सगळं शेतावर आणि शहरात सारखंच होतं. तेवढे तुकडे पहिले तसेच ठेवले. कॉलिन खूश झाला. वेळ वाचला, आणि विद्यार्थिनीची भानगडही नको.

पिनरला परतताना बाई इंग्रजीत बोलल्या. बागेत ट्यूलिपचे कंद लावायचे राहिलेत, असं म्हणाल्या. श्रीनिवासाने नॉर्वेजियनमध्ये एक प्रश्न विचारून पाहिला. त्यांनी त्याचं उत्तर दिलं, व्यवस्थित आणि इंग्रजीत.

नोव्हेंबरात यंत्र तपासायला ब्रोटेन नावाचा माणूस आला. संस्थेने यंत्र घ्यायचं की नाही ते त्याच्या शब्दावर होतं. जन्मापासून आंधळा, आणि नॉर्वेत एका टेलिफोन एक्स्चेंजात बसणारा. माणसांना तो आवाजाने ओळखत असे, आणि बाकीची माणसं डोळ्यांनी चुकतात तितपतच चुकत असे. प्रसंग मोठा म्हणून कॉलिनने सँडविच मागवली आणि गुद्रूनबाईंनाही बोलावून घेतलं. त्या खिडकीपाशी कागदी बशी घेऊन उभ्या होत्या. श्रीनिवास यंत्राशेजारी उभा होता.

ब्रोटेनने यंत्राच्या पत्र्यावर बोटं टेकवली आणि सांगितलं, वाचू दे. यंत्राने बराच वेळ वाचलं. बातम्या, इस्पितळाची नोटीस, कुठल्याशा बालवाडीचा कार्यक्रम, पोलीस चौकीचा पत्ता. ब्रोटेन हसला नाही. कॉलिनने श्रीनिवासाकडे बघून अंगठा वर केला.

"शब्द सगळे बरोबर आहेत," ब्रोटेन शेवटी इंग्रजीत म्हणाला. "घ्यायला हरकत नाही. पण बायका दोन का घेतल्यात?"

कॉलिन हसला. "एकच आहे."

"दोन आहेत. एक स्वयंपाकघरात बसून बोलतेय. दुसरी दारात उभी आहे." त्याने पत्र्यावरची बोटं काढून घेतली. "तिला बसायला सांगायचं होतंत."

शांतता हा कॉलिनला मशीनमधला बिघाड वाटे. त्याने टाळी वाजवून सांगितलं की मुद्दा निकालात काढू, ती बाई इथेच आहे, ही पाहा मिसेस पेरी. 'पाहा' म्हटल्याबद्दल त्याने लगेच माफीही मागितली.

ब्रोटेन खुर्चीतून उठला. बाई होत्या त्याच्या थोडा डावीकडे त्याने हात पुढे केला आणि खोलीत शिरल्यापासून पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलला. श्रीनिवासाला सगळं समजलं. गुहागरला एसटीतून उतरणाऱ्या कुणालाही विचारतात तेच तो विचारत होता. कुठल्या गावच्या तुम्ही? कुणाच्या?

गुद्रूनबाईंनी बशी खिडकीत ठेवली. हात पुसला. दोन पावलं सरकून त्याच्या हातात दिला. त्यांचे ओठ पहिल्या अक्षरासाठी उघडले, आणि त्या श्रीनिवासाकडे पाहू लागल्या. श्रीनिवास यंत्राच्या वायरीकडे पाहत होता.

"पिनर," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "आय ॲम फ्रॉम पिनर."

ब्रोटेनने हात सोडला नाही. मान जराशी कलती करून तो तसाच ऐकत उभा राहिला, शब्दाचा दुसरा भाग अजून यायचा असल्यासारखा.